मधुमेह : न दुखणारे दुखणे



काही रोगांची नावे आपण दबकत उच्चारतो. क्षय किंवा कर्करोग म्हटले की बोलणाराचा आवाज आपोआप खाली येतो. मधुमेहाच्या बाबतीत असे होत नाही. "त्यांना जरा साखर आहे," असे आपण सहज म्हणतो आणि पुढच्या विषयाकडे वळतो. ह्या 'जरा' शब्दात त्या रोगाविषयीचे आपले बहुतेक गैरसमज साठलेले आहेत. चहात साखर घालू नका म्हटले, सणाच्या दिवशी पुरणपोळी निम्मी खाल्ली, की आपले कर्तव्य झाले असे रोग्याला वाटते आणि त्याच्या घरच्यांनाही वाटते. मनुष्य हिंडतो-फिरतो, कचेरीत जातो, रात्री झोपतो. त्याचे काही दुखत नाही. मग काळजी ती कशाची करावयाची?

ती का करावयाची, हे सांगण्याचा आज प्रयत्न करावयाचा आहे. मी वैद्य नाही. परंतु माझ्या नोकरीत कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय खर्चाची प्रकरणे वर्षानुवर्षे माझ्या टेबलावरून गेली आहेत, आणि त्या कागदांनी मला ह्या विषयाकडे ओढले. नेत्रपटलावरील उपचारांची बिले, डायलिसिसची बिले, पायाची बोटे काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेची बिले येतात. रोगाचे नाव वेगवेगळ्या शब्दांत लिहिलेले असते, पण मागची पाने चाळली की पुष्कळदा मूळ एकच निघते. आणि त्या मुळाशी, दहा-पंधरा वर्षांपूर्वी, रक्ताची एक साधी तपासणी करून घ्यावयाची राहून गेलेली असते.

हा प्रश्न किती मोठा आहे ते प्रथम पाहू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने २००८ ते २०२० ह्या काळात देशभर एक पाहणी झाली. वीस वर्षांवरील एक लाख तेरा हजार माणसे तिच्यात तपासली गेली, आणि तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांवरून असा अंदाज निघाला, की २०२१ साली भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह होता आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे होते. सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले : २६.४ टक्के, म्हणजे दर चार प्रौढांमागे एकाहून अधिक.

आता ही रक्तातील साखर म्हणजे काय ते समजावून घेऊ. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. निरोगी माणसाच्या ह्या साऱ्या रक्तात मिळून साखर किती असावी? सुमारे पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. ही साखर म्हणजे ग्लुकोज. मेंदूचे मुख्य इंधन तेच. एकट्या मेंदूला दिवसाकाठी सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते. उलट दोन पोळ्या आणि वाटीभर भात पोटात गेला, की त्यांतील पिष्टाचे साठ ग्रॅमांहून अधिक ग्लुकोज होते. म्हणजे आत ओतले जाणारे इतके आणि बाहेर उचलले जाणारे इतके, तरी रक्तातील साठा मात्र सदैव चमचाभर राहिला पाहिजे, असा हा चमत्कारिक हिशेब आहे.

तो सांभाळण्याचे काम मुख्यतः तीन अवयव करतात. जठराच्या मागे आडवे पसरलेले स्वादुपिंड इन्शुलिन नावाचा रस रक्तात सोडते. ह्या इन्शुलिनच्या सांगण्यावरून स्नायू ग्लुकोज आत घेतात, आणि यकृत जास्तीचे ग्लुकोज साठवून ठेवते. रात्री आपण उपाशी झोपतो तेव्हा हेच यकृत आपल्या कोठारातून थोडी थोडी साखर रक्तात सोडत राहते. ह्यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. पुष्कळ लोक विचारतात, "रात्री काही खाल्ले नाही, तरी सकाळी साखर वाढलेली कशी?" ती यकृताने सोडलेली असते. इन्शुलिनचा धाक कमी झाला की कोठाराचे दार बंद होत नाही. तेव्हा मधुमेह हा साखर खाण्याचा रोग नव्हे. आलेल्या साखरेचा योग्य विनियोग न होण्याचा तो रोग आहे.

हा विनियोग दोन प्रकारांनी बिघडतो, आणि ह्या दोन प्रकारांचे भान आपल्याकडे फार पूर्वीपासून आहे. मधुमेह्याच्या लघवीकडे मुंग्या धावतात, हे आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांत नोंदलेले आहे. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन भेद सांगितले आहेत. एक 'सहज', म्हणजे जन्मापासूनचा, ज्यात रोगी कृश असतो. दुसरा 'अपथ्यनिमित्तज', ज्यात रोगी स्थूल असतो. आजचे वैद्यकशास्त्र ज्यांना पहिल्या व दुसऱ्या प्रकारचा मधुमेह म्हणते, त्यांच्याशी ह्या भेदांचे साम्य पाहून नवल वाटते.

पहिल्या प्रकारात स्वादुपिंडातील इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशी शरीराची स्वतःचीच रक्षणव्यवस्था नष्ट करते. हा रोग बहुधा लहानपणी किंवा तारुण्यात प्रकट होतो. मूल झपाट्याने वाळते, त्याला सारखी तहान लागते, सारखी लघवी होते. शंभर वर्षांपूर्वी ह्या मुलांना अर्धपोटी ठेवून मृत्यू काही महिने लांबविणे एवढाच उपाय डॉक्टरांच्या हाती होता. १९२१ च्या उन्हाळ्यात कॅनडातील टोरांटो विद्यापीठात फ्रेडरिक बँटिंग ह्या तरुण शल्यवैद्याने आणि चार्ल्स बेस्ट ह्या विद्यार्थ्याने, प्राध्यापक मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत, कुत्र्यांच्या स्वादुपिंडातून हा रस वेगळा काढला. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मरणोन्मुख मुलाला त्याची पहिली सुई टोचली गेली. औषध अशुद्ध होते. गुण आला नाही. जेम्स कॉलिप ह्या रसायनज्ञाने ते अधिक शुद्ध केले, आणि २३ जानेवारीला पुन्हा सुई दिली. ह्या वेळी रक्तातील साखर खाली आली. तो मुलगा आणखी तेरा वर्षे जगला. संशोधकांनी ह्या शोधाचे हक्क विद्यापीठाला प्रत्येकी अवघ्या एका डॉलरला देऊन टाकले.

ही हकीकत मुद्दाम सांगितली. आजही आपल्या देशात अशा मुलांचे इन्शुलिन कोणाच्या तरी सल्ल्यावरून बंद केले जाते. कोणी काढा देतो, कोणी चूर्ण देतो, कोणी सांगतो की सुईची सवय लागेल. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्शुलिन ही सवय नव्हे, ते अन्नपाण्यासारखे आहे. ते थांबविले तर थोड्याच दिवसांत रक्तात आम्ल साठते, मूल बेशुद्ध होते आणि दगावते. मुलगी असेल तर लग्नाच्या चिंतेने रोग लपविला जातो, सासरी सुई चोरून घ्यावी लागते, आणि चोरून घ्यावयाचे औषध केव्हा तरी चुकतेच. १४ नोव्हेंबर हा दिवस आपण बालदिन म्हणून साजरा करतो. बँटिंगचा जन्मदिवसही तोच, आणि म्हणून जागतिक मधुमेह दिनही त्याच दिवशी असतो. मधुमेह असलेल्या मुलांची त्या दिवशी आठवण व्हावी, ह्यासाठी हा योगायोग पुरेसा आहे.

दुसरा प्रकार अधिक आढळतो, आणि आपण ज्याला 'जरा साखर' म्हणतो तो हाच. ह्यात इन्शुलिन असते, परंतु स्नायू व यकृत त्याचे पूर्ण ऐकत नाहीत. मग स्वादुपिंड अधिक रस सोडते. असे वर्षानुवर्षे चालते आणि अखेर ते थकते. आनुवंशिकता, बैठे जीवन आणि पोटावर साठणारी चरबी ही त्याची प्रमुख कारणे होत. परंतु आपल्याकडे एक प्रश्न उभा राहतो : फारसा लठ्ठ नसलेल्या भारतीयालाही हा रोग का होतो?

ह्या प्रश्नाच्या उत्तरात पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाचा मोठा वाटा आहे. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व त्यांची मुले यांचा अभ्यास तेथे सुरू झाला. त्यांत असे दिसले, की आपल्या खेड्यातील नवजात बालकाचे वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील बालकाचे ३.५ किलो, पण आपल्या बाळाच्या अंगावर स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी अधिक. दिसावयास बारीक, आतून मेदयुक्त. पुढे २००४ साली डॉ. याज्ञिक व इंग्लंडचे डॉ. युडकिन यांनी आपले दोघांचे एक छायाचित्र 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण इंग्रजाच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि भारतीयाच्या शरीरात २१.२ टक्के! म्हणून आपण वजनकाट्यावर विसंबू नये. कमरेला फीत लावून पाहावी. भारतीय पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटर, ही धोक्याची खूण समजली जाते.

आता ह्या रोगाच्या सर्वांत घातक गुणाकडे येतो. तो गुण म्हणजे मौन. रक्तातील साखर शंभरावरून दीडशेवर गेली तर शरीर काहीच सांगत नाही. साखर शंभर मिलिलिटर रक्तात साधारण १८० मिलिग्रॅमांच्या पुढे गेली म्हणजे मगच ती लघवीत उतरू लागते, आणि त्यानंतर तहान, वारंवार लघवी, थकवा ही लक्षणे दिसतात. तोवर काही वर्षे निघून गेलेली असतात, आणि तेवढ्या काळात वाढलेल्या साखरेने बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती खराब केलेल्या असतात. ह्या बारीक वाहिन्या सर्वांत नाजूक कोठे आहेत? डोळ्यांच्या आतल्या पटलावर, मूत्रपिंडात आणि मज्जातंतूंभोवती. मोठ्या वाहिन्याही सुटत नाहीत. हृदयविकार आणि पक्षाघात यांचे प्रमाण मधुमेह्यांत पुष्कळ अधिक असते. ब्रिटनमध्ये १९७७ पासून वीस वर्षे चाललेल्या प्रसिद्ध अभ्यासात पाच हजारांहून अधिक नव्या रोग्यांची नोंद होती. रोगाचे निदान झाले त्याच वेळी त्यांतील जवळजवळ निम्म्यांच्या शरीरात त्याच्या उपद्रवाच्या खुणा आधीच उमटलेल्या होत्या!

आमच्या कचेरीतील एका अधीक्षकांचे उदाहरण आठवते. गृहस्थ नेमस्त, कामात चोख. "मला साखर आहे, पण तिचा मला काही त्रास नाही," असे ते म्हणत, आणि ते खरेच होते. एका सोमवारी श्रावणात ते देवदर्शनाला गेले. तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालताना तळव्याला फोड आला. त्यांना तो कळलाच नाही, कारण पायाच्या तळव्याची संवेदना केव्हाच गेलेली होती. चौथ्या दिवशी मोज्याला रक्त लागलेले पत्नीने पाहिले. तोवर जखम चिघळली होती. दोन बोटे गेली. निवृत्तीला तीन वर्षे उरलेली असताना ते काठी टेकीत पुन्हा कामावर रुजू झाले. न दुखणे हे सुचिन्ह नव्हे, तेच रोगाचे लक्षण होते, हे त्यांच्या ध्यानात येईपर्यंत उशीर झालेला होता.

जेथे वेदना साक्ष देत नाही, तेथे मोजमापाची साक्ष काढावी लागते. तपासण्या मुख्यतः तीन आहेत. रात्रभराच्या उपाशीपोटी शंभर मिलिलिटर रक्तात साखर १०० मिलिग्रॅमांहून कमी असावी. १०० ते १२५ हा उंबरठा. १२६ किंवा अधिक म्हणजे मधुमेह. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घेऊन दोन तासांनी तपासले, तर १४० हून कमी ते ठीक, आणि २०० किंवा अधिक म्हणजे मधुमेह. तिसरी तपासणी 'एच-बी-ए-वन-सी' ह्या लांबलचक नावाची. रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, आणि त्यांच्या रंगद्रव्याला साखर चिकटत राहते. म्हणून ही तपासणी मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. आदल्या दिवशी गोड वर्ज्य करून तिला फसविता येत नाही. ती ५.७ टक्क्यांखाली असावी, आणि ६.५ किंवा अधिक म्हणजे मधुमेह. लक्षणे नसताना एकाच आकड्यावर निर्णय न देता डॉक्टर तपासणी पुन्हा करून घेतात. रोग जडल्यावर बहुतेक प्रौढांनी हा आकडा सातच्या आत राखावा, असे सामान्यतः सांगितले जाते. वृद्धांसाठी आणि इतर व्याधी असणाऱ्यांसाठी डॉक्टर तो थोडा सैल करतात.

ही साखर आटोक्यात ठेवण्याचे मार्ग आहार, श्रम आणि औषध हे तीन आहेत. आहाराविषयी बोलताना पहिली गोष्ट सांगावयास हवी ती अशी, की केवळ साखर वर्ज्य करून भागत नाही. गूळ आणि मध हेही साखरच होत. भात, पोळी आणि ज्वारीची भाकरी ह्या सर्वांत पिष्ट आहे. त्यांच्यात थोडाफार फरक असला तरी 'भाकरी कितीही खावी' असा परवाना कोणी दिलेला नाही. इंदुरातला मराठी माणूस पोह्यांनी दिवस सुरू करील, कोकणातला भाताशिवाय जेवणार नाही, सोलापूरकर भाकरी सोडणार नाही. कोणीही आपले अन्न सोडण्याचे कारण नाही. प्रमाण बदलले पाहिजे. आपल्या ताटाची जुनी मांडणी ह्या कामी फार सोयीची आहे. उजवीकडची भाजी, उसळ आणि डावीकडची कोशिंबीर वाढवावी, मधला भात कमी करावा. डाळी, उसळी, दही, अंडी, मासे ह्यांनी भूक भागते आणि साखर सावकाश चढते. उपवासाच्या दिवशी मात्र विशेष सांभाळावे. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण मधुमेह्याला शब्दशः लागू पडते, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. उलट काही न खाता गोळी किंवा इन्शुलिन नेहमीप्रमाणे घेतले, तर साखर धोकादायक रीतीने खाली येते. म्हणून उपवास करावयाचाच असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे.

श्रमाचे महत्त्व ह्यात आहे, की काम करणारा स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातील साखर उचलतो. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे केलेली शतपावली, आठवड्याला किमान दीडशे मिनिटांचे झपाट्याने चालणे, आणि आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम एवढे बहुतेकांना साधण्यासारखे आहे. त्याने होते काय? चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. आहार व चालणे यांच्याकडे लक्ष दिलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले होते.

औषधाविषयी दोन शब्द. आपल्याला कडू कारले, मेथी, जांभळाच्या बिया ह्यांवर श्रद्धा असते. त्या अन्न म्हणून अवश्य खाव्यात. परंतु वैद्याने दिलेल्या औषधाच्या जागी त्या बसू शकत नाहीत. वनस्पतींना आधुनिक वैद्यकाचे वावडे नाही. आज सर्वांत अधिक दिली जाणारी मेटफॉर्मिन ही गोळी गॅलेगा नावाच्या वनस्पतीतील द्रव्याच्या अभ्यासातूनच निघाली, आणि १९५७ साली पॅरिसचे डॉ. झाँ स्टर्न यांनी तिचा मधुमेहावरील उपयोग प्रसिद्ध केला. फरक एवढाच, की तिची मात्रा, तिचा गुण आणि तिचे दोष मोजले गेलेले आहेत. मघाशी सांगितलेल्या ब्रिटिश अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली आले. साखर कसून आटोक्यात ठेवलेल्या रोग्यांत डोळे, मूत्रपिंडे इत्यादींच्या बारीक वाहिन्यांचे उपद्रव २५ टक्क्यांनी कमी झाले, आणि रक्तदाब सांभाळल्याने त्याहूनही अधिक लाभ झाला. म्हणजे ही धडपड व्यर्थ नाही.

औषध घेणाऱ्याच्या घरच्यांनी एक गोष्ट पाठ करून ठेवावी. साखर ७० च्या खाली गेली की घाम सुटतो, हात कापतात, भूक लागते, बोलणे असंबद्ध होते. अशा वेळी तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि मग काही खाऊ घालावे. रोगी बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही न घालता ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

ज्यांना रोग जडला आहे त्यांनी वर्षातून एकदा डोळ्यांची पटले, लघवीतील प्रथिने आणि पायांची संवेदना तपासून घ्यावी, रक्तदाबाकडे लक्ष ठेवावे, तंबाखू सोडावी, आणि रोज रात्री निजताना आपले तळवे आरशात पाहावेत. ज्यांना तो जडलेला नाही अशांपैकी तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने एकदा रक्त तपासावे. सरकारच्या असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ह्या तपासणीची तरतूद आहे, आणि जवळच्या आरोग्य केंद्रात त्याविषयी विचारता येते. आईवडिलांना मधुमेह असेल, किंवा गरोदरपणी साखर वाढलेली असेल, तर तिशीचीही वाट पाहू नये.

बोटाला टोचलेल्या सुईची वेदना क्षणभराची असते. ह्या रोगात आपल्याला वेळेवर होऊ शकणारी वेदना तेवढीच आहे. बाकीच्या वेदना येतात त्या फार उशिरा, आणि त्या येतात तेव्हा त्यांवर करण्यासारखे फार थोडे उरलेले असते.